फळा नवा, प्रश्न जुनाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेत डिजिटल फळे बसवायचे, प्रत्येक मुलाला टॅब द्यायचा, आणि हे सगळं ठरवणाऱ्या समितीत तू! वाचून आनंद झाला. काळजी मात्र त्या पैशांची वाटली.

पेरूनं हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय. तिथल्या सरकारनं लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. मग ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलांचा संगणकावर हात बसला होता, पण गणित आणि भाषेत काहीच फरक पडला नव्हता. यंत्र आलं, शिकवणं होतं तसंच राहिलं. म्हणून म्हणतो, खरेदीची यादी करण्याआधी चार दिवस सहकाऱ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बस.

काय बघायचं? शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो ते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात हेच मोजलं. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. तेच तीन सेकंद थांबायला लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. याला ना वीज लागते ना निविदा. तरी सांगतो, वर्गात तीन सेकंद शांत उभं राहणं भयंकर अवघड असतं. करून बघ, घाम फुटतो.

दुसरं, एरिक माझूर यांची पद्धत. हार्वर्डमधले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे विद्यार्थी पुस्तकातली गणितं झरझर सोडवत, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांपाशी अडत. मग १९९१ पासून त्यांनी व्याख्यानं कमी केली. एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं आधी स्वतःचं उत्तर नक्की करायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतं समजलेल्या मुलाला शेजारी कुठं अडलाय ते ठाऊक असतं. आपण ते कधीच विसरून गेलेलो असतो. शाळेच्या वर्गातही हे जमतं, फक्त प्रश्न नेमका हवा. तसा एक प्रश्न तयार करायला संध्याकाळ जाते, हेही समितीत सांग.

एआयबद्दल तू लिहिलंयस, ‘आता उत्तरं यंत्रच देतं, मग पाठांतर कशाला?’ इथं माझं तुझ्याशी पटत नाही. यंत्र आत्मविश्वासानं चुकीचंही सांगतं आणि ती चूक ओळखायला डोक्यात काहीतरी असावं लागतं. १९८८ मधला एक अभ्यास आहे. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची माहिती नसेल तर नुसतं ‘चिकित्सक विचार करा’ सांगून काय होणार? त्या ‘एकविसाव्या शतकातल्या कौशल्यां’च्या तक्त्यांचा मला कंटाळा आलाय, तो यामुळेच.

घोकंपट्टीच्या बाजूनं मी नाही. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून छोट्या, बिनगुणांच्या चाचण्या वाढव. मोठ्या परीक्षेत मात्र प्रश्नच बदलायला हवेत: यंत्रानं लिहिलेलं एक उत्तर छापून द्यायचं आणि त्यातल्या चुका कारणांसह दाखवायला सांगायच्या. पेपर जुनाच राहिला, तर शिक्षकही जुनंच शिकवणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

टॅब घ्याच, पण आधी एका इयत्तेपुरते. उरलेल्या पैशांतून शिक्षकांना आठवड्यातून दोन तास मोकळे मिळतील अशी सोय कर, एकत्र बसून प्रश्न तयार करायला. समितीत हे कुणाला आवडणार नाही, कारण मोकळ्या तासांचं उद्घाटन करता येत नाही!

बैठकीआधी मागच्या वर्षीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिका पाठव. त्यातले कुठले प्रश्न ठेवायचे नि कुठले काढायचे, ते फोनवर बोलू.

तुझाच,
जुना बाकमित्र