इतर हक्कातला बोजा

कराड
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी करून तू गेलीस आणि आईने तुझं कपाट आवरायला काढलं. स्वेटरांच्या मागे तुझा दम्याचा सकाळ-संध्याकाळचा पंप निघाला. त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा खिडकीत आकडा होता ९६. जुलैत मीच तो नवा कोरा दिला होता, १२० चा. दोन वेळा दोन-दोन फवारे, म्हणजे महिन्याचा हिशेब. चार महिन्यांत तू घेतलेस २४. सहा दिवसांचे. धाप लागली की ओढायचा निळा पंप मात्र तीनदा आणलास, मेडिकलची बिलं मीच भरतो. बाप तलाठी असला की घरात आकडे लपत नाहीत, बाळा.

रागावण्यासाठी लिहीत नाही. मलाच एक नोंद दुरुस्त करायची आहे.

सेमिनारची तयारी करताना तू फोनवर विचारलं होतंस, "बाबा, तुम्ही लहानपणी कधी ओढलीत का?" मी 'छे' म्हणालो. ते खोटं होतं. आठवीत असताना, चौदाव्या वर्षी, गुऱ्हाळावर चुलाणातल्या जळत्या चिपाडाने विडी पेटवायला शिकलो. नोकरी लागली तेव्हा सोडली, म्हणजे दहा वर्षं ओढली. तुझ्या आईलाही हे माहीत नाही.

तू विसरून गेलेल्या झेरॉक्स मी डिक्शनरी घेऊन वाचल्या. २०२३ चा बर्गन आणि साउदॅम्प्टनच्या संशोधकांचा अभ्यास तर तीनदा. ज्यांच्या वडिलांनी पंधरा वर्षांच्या आत धूम्रपान सुरू केलं, त्यांच्या डीएनएवर १९ ठिकाणी मिथाइल नावाच्या रसायनाच्या खुणा वेगळ्या सापडल्या. ८७५ माणसं तपासली होती. त्यातली काही ठिकाणं दम्याशी आणि छातीतल्या घरघरीशी जोडलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तू तीन वर्षांची असताना मांडीवर उभी धरून वाफ द्यायचो, तुझ्या बरगड्या आत ओढल्या जायच्या, ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

पण त्याआधीचा, २०१७ चा अभ्यास वाचला आणि जरा थांबलो. असल्या वडिलांच्या मुलांत तिपटीच्या आसपास दिसला तो ॲलर्जी नसलेला दमा. तुझ्या रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या, धुळीची ॲलर्जी पक्की. माझा गुन्हा तुझ्या फाइलीत नीट बसतही नाही. शिवाय हे सगळे संबंध आहेत, पुरावे नव्हेत. तरी सांगायचं होतं, कारण एकोणीस वर्षं तुझ्या दम्याचा आळ दुसऱ्याच माणसावर राहिला. आजी म्हणायची, "हिच्या माहेरचंच दमेकरी रक्त." मग गरोदरपणी खाल्लेलं दही निघायचं, केळी निघायची. तुझी आई खाली मान घालून भाकरी थापत राहायची आणि मी पेपर वाचत बसायचो.

आता तुझं दिवाळीतलं वाक्य. "जीन्समध्येच आहे बाबा, पंपाने काय बदलणार?" बायोटेक तू शिकतेस, पण सातबारा मला कळतो. जमीन तीच, गट नंबर तोच, मालक तोच. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला की विक्री अडते. कर्ज फिटलं की बोजा उतरतो. जमीन कुठे हलली? मिथाइलची खूण अशीच. जनुकाची अक्षरं शाबूत, ते वाचायचं की नाही एवढंच तिथे ठरतं. (आमच्या खात्यात फेरफाराला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. इथे म्युटेशन नाहीच, ही गंमत.)

मला वाटलं होतं, दम्यात बोजा चढलेला असेल. निघालं उलटं. युरोपातल्या मुलांवरचा २०१८ चा अभ्यास तुझ्याच गठ्ठ्यात होता. दमा असलेल्या ४ ते १६ वर्षांच्या मुलांत १४ ठिकाणी मिथाइल कमी होतं, आणि हे सगळ्यात ठळक दिसलं इओसिनोफिलमध्ये. राखण उठलेल्या शेतासारख्या या पेशी चेकाळतात, श्वासनलिकेच्या भिंतीत घुसतात, भिंत सुजते, चिकट बेडका साचतो. तुला धाप नसते त्या दिवशीही ही सूज आत असू शकते. आणि माझी पेन्सिलीची रेघ या वाक्याखाली आहे: जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात हा फरक नव्हता. तो नंतर आला. आईला हे वाक्य वाचून दाखवणार आहे.

निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. सकाळ-संध्याकाळच्या पंपातलं स्टिरॉइड थेट पेशीच्या दप्तरखान्यात शिरतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, जुनी कागदपत्रं रुमालात बांधतात तसा. त्यावर ॲसिटिल नावाच्या दुसऱ्या खुणा लागल्या की गाठ सैल होते आणि सुजेची जनुकं वाचली जातात. स्टिरॉइड तिथे एचडॅक-२ नावाचं एन्झाइम बोलावून आणतं, ते खुणा काढतं आणि गाठ पुन्हा बसते. औषध थांबलं की गाठ हळूहळू सुटते. पंपाने काय बदलतं, त्याचं उत्तर हे. स्टिरॉइडने उंची खुंटते ही भीती तुला शेजारच्या काकूंनी घातली होती. अमेरिकेत मुलांना वर्षानुवर्षं हे औषध देऊन, मोठेपणी मोजून पाहिलं; फरक सरासरी १.२ सेंटीमीटर. तू आईपेक्षा चार बोटं उंच आहेस.

सिगारेटचा धूर याच एचडॅक-२ ला मारक असतो, म्हणून ओढणाऱ्या दमेकऱ्यांना स्टिरॉइडचा गुण कमी येतो. तुझ्या मैत्रिणी गॅलरीत ओढतात, ते मला न सांगता कळलंय. कोणत्या तोंडाने बोलू? तू तेवढी आत ये. आणि खोलीतली डासांची कॉइल आजच फेक. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजले गेलेत. मच्छरदाणी पार्सलमध्ये घातली आहे.

पंपही त्यातच आहे, ९६ चाच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू-कमी करू नकोस आणि बंद तर मुळीच नको. दर रविवारी त्या खिडकीचा फोटो पाठव.

आईला आज जेवणं झाल्यावर सांगणार आहे. रात्री तिचा फोन आला तर मध्ये न बोलता ऐकून घे. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पंपानंतर गुळणी करत जा. बेसिनपर्यंत जायचा कंटाळा तुला लहानपणापासून आहे.