ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर बंद पडणाऱ्या संगणकाविषयी मित्रास पत्र

पुणे,
रविवार

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

तुझा ईमेल मिळाला आणि त्यासोबत पाठवलेले कॅबिनेटचे फोटोही मी मोठे करून नीट पाहिले. दुकानदाराने नवे ग्राफिक्स कार्ड सदोष असल्याचे सांगून वर विंडोज फॉरमॅट करण्याचा सल्ला दिल्यामुळे तू काळजीत पडला आहेस. इतके दिवस पैसे साठवून, हौसेने घेतलेले कार्ड परत पाठवायचे म्हणजे जिवावरच येते, म्हणून घाईने दोन ओळी न लिहिता सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. तुझे कार्ड चांगले असावे, विंडोजला हात लावण्याचे मला काही कारण दिसत नाही आणि दोष एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) व तिथून कार्डापर्यंत वीज नेणाऱ्या जोडणीत आहे. हे मी कशावरून म्हणतो तेही सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून न राहता तुला स्वतः पडताळून पाहता येईल.

पहिल्या दिवशी मॉनिटरवर काहीच उमटत नव्हते, तो प्रश्न निराळा होता आणि तो सुटला आहे. तुझा प्रोसेसर आय5-10400एफ आहे. नावाच्या शेवटी एफ असलेल्या या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला केबल लावली की पडदा काळाच राहणार. केबल कार्डाला लावल्यावर चित्र आले, तेव्हाच कार्ड, ते मदरबोर्डवर ज्या खाचेत बसते तो स्लॉट आणि मॉनिटर हे तिन्ही काम करतात एवढे सिद्ध झाले.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो. तू लिहितोस की दिवसभर हिशेब, पत्रव्यवहार, चित्रपट असे सगळे सुरळीत चालते, परंतु ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचे काम) सुरू केला की काही क्षणांतच संगणक अचानक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो. निळा पडदा नाही, कसली सूचना नाही. हे वर्णन फार मोलाचे आहे. ड्रायव्हरचा दोष असता, तर साधारणपणे पडदा क्षणभर काळा होऊन परत आला असता आणि विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 4101 क्रमांकाची नोंद दिसली असती. कार्ड दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, पण त्यासाठी संपूर्ण संगणक बंद पडत नाही. उष्णतेचा दोष असता, तर तापमान चढायला वेळ लागला असता आणि बंद पडण्याआधी वेग मंदावलेला तुला जाणवला असता. सोलापूरचा उन्हाळा मी विसरलेलो नाही, तरी रेंडर सुरू केल्या केल्या होणाऱ्या घटनेचा दोष मी उन्हाळ्याला देणार नाही.

तू पाठवलेल्या नोंदीत कर्नल-पॉवर 41 आहे आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याच्या बिघाडाचा क्रमांक, शून्य आहे. ही 41 क्रमांकाची नोंद पाहून अनेक जण थेट एसएमपीएसला दोषी ठरवतात, ते बरोबर नाही. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. मात्र कोड शून्य असणे, निळा पडदा नसणे आणि भार पडताक्षणी वीज तुटणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की संशयाची दिशा पक्की होते.

वीज कुठे कमी पडते ते पाहू. तुझे जुने जीटीएक्स 1050 टीआय हे 75 वॅटचे कार्ड होते आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त तेवढीच वीज घेता येते. म्हणूनच त्याला वेगळी तार लागत नव्हती. नवे आरटीएक्स 3060 हे 170 वॅटचे आहे. स्लॉटमधून मिळते त्याच्या वरची सगळी वीज त्याला आठ पिनांच्या कनेक्टरमधून घ्यावी लागते. एनव्हिडिया या कार्डासाठी 550 वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते आणि तुझ्याकडे 450 वॅटचा आहे. तू म्हणशील की प्रोसेसर 65 वॅटचा आणि कार्ड 170 वॅटचे, म्हणजे 450 पुरायला हवेत. यावर दोन गोष्टी सांगतो. प्रोसेसरवरचा 65 हा आकडा त्याच्या मूळ वेगासाठी असतो. टर्बोमध्ये, म्हणजे वाढवलेल्या वेगात, तो याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय आधुनिक कार्डे सरासरीपेक्षा कितीतरी अधिक वीज काही मिलिसेकंदांपुरती खेचतात. ही उसळी तुला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसणार नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षक सर्किटला ती दिसते आणि ते वीज तोडते. 2022 मध्ये आलेल्या, एसएमपीएससाठीच्या एटीएक्स 3.0 या मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट मुद्दाम घालावी लागली, यावरून हा प्रश्न किती खरा आहे ते लक्षात येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट तुझ्या दुसऱ्या फोटोत आहे. एसएमपीएसच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत 450 वॅट लिहिले असले, तरी खालच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या दोन्ही रेल (वीज देणाऱ्या वाहिन्या) मिळून कमाल 324 वॅट, म्हणजे 27 अँपिअर, असे छापले आहे. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही 12 व्होल्टवर जगतात, तेव्हा आपल्या कामाचा आकडा 324 हाच. त्यातून तो एसएमपीएस तुझ्या आधीच्या संगणकातून आलेला आहे आणि इतक्या वर्षांत त्यातले कपॅसिटर थकलेले असणार.

त्याच फोटोत उजवीकडे, हार्ड डिस्कच्या खालून, एक जोडतार आलेली दिसते. एसएमपीएसला आठ पिनांची तार नाही म्हणून दुकानदाराने दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे चार पिनांचे कनेक्टर) जोडून त्यांचे आठ पिनांत रूपांतर करणारा अडॅप्टर लावला आहे. बारकाईने पाहिलेस तर दिसेल, की ते दोन्ही मोलेक्स एकाच तारेवर एकापाठोपाठ एक आहेत. मूळ आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या तीन तारा असतात. इथे मात्र कार्डाला लागणारा नऊ-दहा अँपिअरचा सगळा प्रवाह शेवटी एसएमपीएसकडून येणाऱ्या एकाच पिवळ्या तारेतून वाहतो. बारीक नळाला मोठा पंप जोडावा तशी ही गत आहे. व्होल्टेज खाली येते, तार आणि कनेक्टर तापतात, आणि याची मला संगणक बंद पडण्यापेक्षाही जास्त चिंता वाटते. म्हणून आज पहिली गोष्ट ही कर: संगणक बंद करून प्लग काढ, तो अडॅप्टर सोडव आणि प्रत्येक पिनेभोवतीचे प्लास्टिक उजेडात पाहा. कुठे तपकिरी डाग, वितळल्याची खूण किंवा जळका वास असेल, तर पुढची कोणतीही चाचणी न करता जुने कार्ड परत बसव. सॅटा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरपासून बनवलेला अडॅप्टर कुणी सुचवला तर तोही घेऊ नकोस. सॅटाची 12 व्होल्टवरची मर्यादा जेमतेम 54 वॅट आहे.

प्लास्टिक स्वच्छ असेल, तर एक सोपी चाचणी आहे. आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर घेऊन पॉवर लिमिट 65 टक्क्यांवर आण, म्हणजे कार्ड साधारण 110 वॅटवर थांबेल, आणि तोच रेंडर पुन्हा चालव. तो पार पडला आणि 100 टक्क्यांवर पुन्हा संगणक बंद पडला, तर दोष विजेचाच असल्याचे जवळजवळ नक्की झाले. या काळात दुसरे काहीही बदलू नकोस. एकाच वेळी ड्रायव्हर, रॅम आणि बायोस असे सगळे हलवले, की कशामुळे काय झाले ते कधीच कळत नाही. तसेच चाचणीपुरता यूपीएस मधून काढून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला लाव. आपल्याकडे घरोघरी असणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटचाच असतो. नव्या कार्डाने रेंडर चालू असताना वीज गेली, तर तो भार पेलेलच असे नाही. सॉकेटचे अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घे.

एसएमपीएस घेताना चांगल्या नावाचा 550 किंवा 650 वॅटचा घे. मी 650 घेईन, कारण पुढचे कार्डही त्यावर चालेल. 80 प्लसचा शिक्का केवळ कार्यक्षमता सांगतो, दर्जाची हमी देत नाही, तेव्हा 12 व्होल्टचा आकडा आणि वॉरंटीची वर्षे पाहा. त्याला सहा अधिक दोन पिनांची स्वतःची तार हवीच. मॉड्युलर, म्हणजे तारा सुट्या होणारा, असेल, तर केवळ त्याच्यासोबत आलेल्या तारा वापर. दुसऱ्या एसएमपीएसची तार खोबणीत बसली तरी आतली पिनरचना वेगळी असू शकते आणि त्यात मदरबोर्डसह सगळे जळू शकते. प्रोसेसरची चार अधिक चार पिनांची तार कार्डाला लावण्याचा प्रयत्नही करू नकोस.

बसवून झाल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांमधली जोडणी, पाहा. रेंडर चालू असताना तिथे एक्स16 3.0 दिसले पाहिजे; कार्ड पीसीआय एक्सप्रेस 4.0 चे असले तरी तुझा प्रोसेसर 3.0 चा आहे, तेव्हा ते पाहून घाबरू नकोस. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 12 व्होल्टची रेषा भाराखालीही 11.4 च्या वर राहायला हवी. हा सेन्सर फार अचूक नसतो, पण मोठी घसरण तो दाखवतो. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करण्याचा पर्याय) निवडून आपल्या कार्डापुढे खूण कर, नाहीतर एवढे करूनही रेंडर प्रोसेसरवरच चालेल. नवा एसएमपीएस लावूनही संगणक तसाच बंद पडला, तर मात्र कार्ड वॉरंटीत देऊ. त्या वेळी तुझ्याकडे नोंदी आणि चाचण्यांचा पुरावा असेल आणि दुकानदाराला तो नाकारता येणार नाही.

अडॅप्टर पाहिलास की त्याच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो आजच पाठव. खरेदीआधी एसएमपीएसच्या लेबलचाही पाठव, म्हणजे मी तक्ता पाहून सांगेन. ती. काकांना आणि काकूंना माझा सा. नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध