मांडवीकाठी जेवायला जाताना

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही दोघंच पणजीला, मांडवीच्या काठी जेवायला जाणार म्हणून फार आनंद झाला. नोव्हेंबरअखेर मासळी चांगली असते. फक्त दिवस ठरवताना शनिवार-रविवार बघण्याआधी तिथी बघा. पणजीपाशी मांडवी म्हणजे खाडीच, भरती-ओहोटी तिथे पुरती जाणवते. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार ओसरलेलं असतं. काठाचा चिखल उघडा पडतो, त्याचा वास टेबलापर्यंत येतो. रेस्टॉरंट तरंगतं असेल तर ते पाण्याबरोबर खाली बसतं आणि आत जायची फळी चांगलीच तिरकी होते. बाबांच्या गुडघ्याला ती उतरण नको. अष्टमीच्या सुमारास हेच उलट होतं: संध्याकाळी भरती असते, आणि भांगाचे दिवस असल्यामुळे पाणी फार वरखालीही होत नाही. पौर्णिमेचं चांदणं पाण्यावर सुंदर दिसतं हे खरं, पण मी अष्टमीच धरीन. वाढदिवस दोन-चार दिवस मागेपुढे झाला तरी चालेल.

त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला पोचा, पण आधी फोन करून स्वयंपाकघर किती वाजता सुरू होतं ते विचारा. बऱ्याच ठिकाणी दुपारी साडेतीन ते सात नुसता चहा आणि भजी मिळतात. फोनवरच टेबल सांगून ठेवा: कठड्याला लागून नको, एक ओळ आत. कठड्यापाशी वारा थेट लागतो, तळलेला मासा पाच मिनिटांत गार होतो, आणि सूर्य बुडताना डासही तिथेच जास्त. स्पीकर कुठे आहे तेही विचारा. कॅसिनोच्या बोटींचा गजर नदीवरून येतोच, त्यात डोक्यावर आणखी एक स्पीकर नको.

जेवण साडेसातच्या आत मागवा. साडेआठनंतर गर्दी झाली की एका कढईत एकदम जास्त तुकड्या पडतात, तेल गार होतं आणि रवा तेल पिऊन मऊ पडतो. चांगल्या रवा फ्रायचा रवा माशाला चिकटून राहतो आणि दाताखाली कुरकुरतो. तो पापुद्र्यासारखा सुटून आला, तर मासा न निथळता रव्यात घोळवलेला असतो. इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी बोटाएवढी जाड असावी. त्याहून जाड असली की बाहेरून करपते आणि हाडापाशी कच्ची राहते. तशी आली तर संकोच न करता परत पाठवा.

कुठला मासा मागवायचा, ते तुमचे दात आणि काटे बघून ठरवा. आईसाठी मुडदुशी. मांस हलकं, पचायला सोपी. दोघांत मिळून तांबसो किंवा चोणक घ्या. काटे मोठे असतात, हाताला लगेच लागतात. तारले आणि पेडवे घरीच बरे, मंद उजेडात त्यांचे बारीक काटे दिसत नाहीत. माणक्या (स्क्विड) मागवू नका. त्या दोन-तीन मिनिटांत काढायच्या, नाहीतर अर्धा-पाऊण तास शिजवायच्या. मधल्या वेळात काढल्या की रबर होतात, आणि आईच्या कवळीला ते झेपणार नाही. तिसऱ्या घेतल्यात तर शिजूनही जिचं तोंड उघडलेलं नाही ती बाजूला ठेवा.

अख्खा मासा घेताना वेटरला तो कच्चाच आणून दाखवायला सांगा. डोळा फुगीर आणि पारदर्शक, कल्ला लालभडक, अंगठ्याने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं. डोळा आत गेलेला, धुरकट असेल तर तो मासा सोडा. मेन्यूत भाव ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला असतो, म्हणून तिथल्या तिथे वजन करून घ्या आणि भाव साफ करण्याआधीच्या वजनावर की नंतरच्या, शिजवण्यासकट की वेगळा, हे ठरवून घ्या. दोघांना सहाशे-सातशे ग्रॅम पुरतो.

रेचाद मसाल्यातला मासा बाबांना आवडतो हे मला ठाऊक आहे. पण त्यात लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर इतकं असतं की शिळा मासाही त्याखाली झाकून जातो. मासा डोळ्यांनी बघितला असेल तरच रेचाद सांगा, आणि तोही हुमण (नारळाच्या रसातली माशाची आमटी) आणि भाताबरोबर, रिकाम्या पोटी नको. बांगडा किंवा इसवण जिभेवर मिरीसारखा चुरचुरला तर तो घास तिथेच थांबवा. बर्फात नीट न ठेवलेल्या अशा माशात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते कितीही तळलं तरी जात नाही.

हुमण दुपारचं गरम केलेलं असेल तर नारळाचा रस फुटून तेल वर तरंगतं, ते बघूनच कळेल. सोलकढी कधी काढली ते विचारा. नारळाचं दूध उष्म्यात काही तासांत आंबतं. किसमूर (सुक्या मासळीचं तोंडीलावणं) आणि लोणच्यात मीठ पुष्कळ असतं, बाबांनी रक्तदाबाकडे बघून चमचाभरच घ्यावं.

पुढे कधी पावसाळ्यात गेलात तर लक्षात ठेवा, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. तेव्हाचा इसवण बहुतेक बर्फातला किंवा बाहेरून आलेला. त्या दिवसांत काळुंद्रं, शेवटे हे नदीतले मासे आणि मानशीवरची (खाजणाच्या पाण्याच्या दारावर धरलेली) सुंगटं, म्हणजे कोळंबी, मागावीत.

बिल नीट वाचा. जेवणावर जीएसटी 5 टक्के लागतो. महागड्या हॉटेलाच्या आवारातलं रेस्टॉरंट असेल तर 18 टक्के. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, असं 2022 पासून केंद्राचे नियम सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये ते उचलून धरले. लावला असेल तर काढायला सांगा आणि वेटरला हातात द्यायचे ते वेगळे द्या.

उरलेला मासा बांधून आणायचा असेल तर साखळीला घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये जायला हवा. टेबलावर दीड तास गेला असेल तर तिथेच सोडा. आणि जाताना बाबांची गोळी आईच्या पर्समध्ये ठेवा, जेवण नेहमीच्या वेळेपेक्षा उशिरा होईल.

तुमची,
लेक