मागची बाजूही बघ

प्रिय छकुली,
सलाम.

ईस्टरच्या दिवशी मी फोन आपटला, चूक माझी. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातल्या त्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाच्या, तुकड्याचा फोटो तू पाठवलास आणि खाली लिहिलंस, "पप्पा, येशूचा एवढाच पुरावा? बाकी सगळं ऐकीव." मी पहाटेच्या उपासनेहून नुकताच आलो होतो, खांद्यावर मम्मीची शाल होती, आणि डोकं फिरलं. "आज सकाळी तू कुठे होतीस?" असं ओरडून विचारायला नको होतं. आता विचारणार नाही.

रात्री तो फोटो मोठा करून पाहिला. नऊ सेंटिमीटरही उंच नाही, रुंदी सहा. माझ्या तळहातात मावेल. १९२० मध्ये इजिप्तमध्ये घेतलेल्या जुन्या पपायरसांमधला, आणि कसला आहे ते जगाला कळलं १९३५ साली. योहानाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या, अठराव्या अध्यायाच्या तुटक ओळी. दुसऱ्या शतकातला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात, नेमक्या सालावर अजून वाद आहे. तू पुढची बाजू पाठवलीस. मागच्या बाजूला येशू पिलात या रोमी सुभेदारापुढे उभा आहे आणि सांगतो आहे की सत्याविषयी साक्ष द्यायलाच मी जन्मलो. पाळकसाहेबांनी त्यांच्या पुस्तकातून मला एकेक अक्षर लावून दाखवलं. 'साक्ष' या ग्रीक शब्दाची सुरुवातीची अक्षरं दिसतात, 'मार्तु', तिथे ओळ संपते, आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असलेला उरलेला शब्द फाटून गेलाय. मला चष्मा काढून पुसावा लागला.

ऐकीव म्हणालीस ना, मग माझ्या आजीचं घे. १९०० च्या दुष्काळात तिला गुजरातेतून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. कधी म्हणायची मी सात वर्षांची होते, कधी म्हणायची नऊ. एकदा आगगाडीतून आलेली असायची, एकदा बैलगाडीतून. मोठी आत्या तिला टोकायची, "आई, नक्की काय ते सांग!" पण वाटेत गेलेल्या भावाचं नाव कधी बदललं नाही. मगन. आणि पंडिता रमाबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्या अगदी कानाशी जाऊन बोलावं लागायचं, हेही कधी बदललं नाही. आजी हात कानाशी नेऊन दाखवायची. पुढे तिने तिथल्याच छापखान्यात मराठी बायबलचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवले. १९७५ ला ती गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पन्नास वर्षं झाली. कालचं जेवण आठवत नाही, पण तिचा तो कानाशी नेलेला हात आत्ता दिसतोय.

मार्काचं शुभवर्तमान येशूच्या मरणानंतर साधारण ४० वर्षांनी लिहिलं गेलं असं मानतात. म्हणजे आजीपासून मी आहे त्यापेक्षा जवळ. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र त्याहून आधीचं, २५ वर्षांच्या आतबाहेरचं. पुनरुत्थित प्रभू ५०० हून अधिक जणांना एकाच वेळी दिसला असं त्यात आहे, आणि पौल लगेच पुढे लिहितो की त्यांतले बहुतेक अजून आहेत, काही निजले आहेत, म्हणजे वारले. का लिहिलं असेल? मला तर ते असंच ऐकू येतं: जा, विचारा त्यांना. आणि मार्क वधस्तंभ वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाचं सांगताना मध्येच म्हणतो, हा अलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. कोण अलेक्सांद्र, कोण रूफ, एक शब्द नाही. वाचणाऱ्यांच्या ओळखीचे असणार, दुसरं काय? आपण नाही का म्हणत, 'अगं तो, आपल्या सुमनचा बाप'?

शुभवर्तमानांवर लिहिणाऱ्याची सही नाही, हे तुझं खरं. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी किती बायका होत्या, देवदूत एक की दोन, हेही जुळत नाही. पण बघ, शुभवर्तमानं लिहिणारे चौघेही बायकांनाच आधी तिथे नेतात. त्या काळी बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये असं योसेफस हा यहुदी इतिहासकार स्वतः लिहून गेलाय. रचूनच सांगायचं असतं तर कुणी मग्दालीया मरीयेला पुढे केलं असतं का? आणि पेत्र, येशूचा शिष्य, मंडळीचा एवढा मोठा पुढारी, येशूला धरलं त्या रात्री एका दासीला घाबरून "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो. त्याची ही लाज चारही ठिकाणी जशीच्या तशी ठेवली आहे.

बघ, भाषण सुरू झालं. शब्बाथ शाळेत तीस वर्षं शिकवल्याचा दोष. माफ कर.

तुला कधी सांगितलं नाही, पण मम्मीच्या त्या अकरा दिवसांत माझाही विश्वास उरला नव्हता. दवाखान्याच्या जिन्यात बसून मीही हेच म्हणालो होतो, सगळं ऐकीव आहे. प्रार्थना होईना. तेव्हा हा पेत्रच आठवला, शेकोटीपाशी हात शेकत खोटं बोलणारा. त्याला प्रभूने टाकलं नाही, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. तेवढ्यावर मी रात्र काढली. तू तेव्हा बाहेर बाकावर झोपली होतीस, पायात मोजे नव्हते. तिथे मोजे घालतेस ना? रविवारी एकटी खोलीत बसून राहतेस की... नाही, विचारत नाही.

इरेनियस म्हणून एक बिशप होता, दुसऱ्या शतकातला. वाट सोडून गेलेल्या फ्लोरिनस नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसाला त्याने पत्र लिहिलं. वादही घातला असेल, पण मला आवडतो तो आठवणीचा भाग. लहानपणी स्मुर्णाच्या बिशप पॉलिकार्पकडे तुला पाहिलंय मी, म्हणतो. तो म्हातारा कुठे बसून बोलायचा, आतबाहेर कसा जायचा, योहानाबरोबरच्या आणि प्रभूला पाहिलेल्या इतरांबरोबरच्या भेटी कशा सांगायचा, सगळं आठवतं मला. अलीकडच्या गोष्टींपेक्षा त्या जास्त लख्ख आठवतात. तुला मी फ्लोरिनस म्हणत नाहीये, बाळा. त्या म्हाताऱ्याचं बसणं-उठणं आठवत इरेनियसने ते पत्र कसं लिहिलं असेल, ते मात्र मला आता कळतं.

तू प्रश्न विचारतेस याचा मला अभिमान आहे, भीतीही तेवढीच आहे. दोन्ही खरं. परदेशात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी तू तो तुकडा बघायला गेलीस, हे मी मंडळीत चार जणांना सांगितलं. खाली काय लिहिलंस ते सांगितलं नाही.

आत्याचा नातू पुढच्या महिन्यात तिकडे येतोय. त्याच्याबरोबर लोणचं आणि आजीचा खिळा पाठवतो, मम्मीच्या शिवणाच्या डब्यात सापडला. शिशाचा आहे, अक्षर उलटं दिसतं, काजळ लावून कागदावर दाबलंस की वाचता येईल. पुन्हा ग्रंथालयात गेलीस तर मागची बाजूही बघ, आणि तिचाही फोटो पाठव.

रविवारी फोन करीन. तुमच्याकडचे सकाळचे दहा म्हणजे इथले अडीच, तेव्हा मात्र नाही करणार. संध्याकाळी करीन.

तुझा,
पप्पा