घरच्या संगणकावरील विमान आणि वैमानिकाचे प्रशिक्षण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या माझ्या भाचीसाठी चौकशी करताना मी गेल्या महिन्यात एका शिकवणीवर्गात गेलो होतो. तेथे ‘एअरबस सिम्युलेटरवर तीस तासांचे प्रशिक्षण’ तासाला दोन हजार रुपये दराने दिले जाते. तीन मोठे पडदे, जॉयस्टिक आणि समोर ए-३२० निओ विमानाचे कॉकपिट अशी मांडणी होती. कॅप्टनच्या आसनाशेजारी दिसणाऱ्या टॅबलेटवरून मी ते मॉडेल लगेच ओळखले, कारण तेच माझ्याही घरी आहे. ‘फ्लाय बाय वायर सिम्युलेशन्स’ या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या घरच्या संगणकावरील उड्डाणाच्या खेळासाठी तयार केलेले हे विमान कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. हे तास पुढे परवान्यासाठी ‘उपयोगी पडतात’ असे तेथे पालकांना सांगण्यात येत होते. त्या ‘उपयोगी’ शब्दाविषयी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त विद्युत अभियंता असून या छंदात मी बरीच वर्षे रमलो आहे, त्यामुळे या मॉडेलांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्याच सिम्युलेटरच्या २००६ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या आवृत्तीतील मूळ जेट विमानांच्या पॅनेलवरील कितीतरी स्विच नुसते चितारलेले होते. पुढे जानेवारी २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने तो सिम्युलेटर तयार करणारा विभागच बंद केला आणि २०२०मध्ये नवी आवृत्ती येईपर्यंत त्यात जीव राखला तो प्रामुख्याने जादा विमाने बनवणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅड-ऑन निर्मात्यांनी. अशाच एका निर्मात्याचे, पीएमडीजीचे, २०११चे बोईंग ७३७ मी प्रथम सुरू केले, तेव्हा वरच्या पॅनेलवरील जवळजवळ प्रत्येक बटणामागे खरी यंत्रणा उभी केलेली पाहून मी थक्क झालो होतो. फेनिक्स या दुसऱ्या निर्मात्याचे ए-३२० मे २०२२मध्ये सुमारे पन्नास पौंडांना, म्हणजे आपल्या पाच हजार रुपयांच्या आसपास, बाजारात आले आणि त्यात सर्किट ब्रेकरसुद्धा ओढता येतात.

माझ्यासारख्याला यातून काय मिळते, ते सांगतो. आयुष्यभर ५० हर्ट्झच्या विजेवर काम केलेल्या माणसाला विमानातील ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची वीज हे वेगळेच जग वाटते. वारंवारता वाढवली की जनित्रे आणि ट्रान्सफॉर्मर हलके व लहान होतात, हे पुस्तकातून ठाऊक होते. पण बंद, थंड ए-३२०मध्ये बसून आधी बॅटरीचा दाब साडेपंचवीस व्होल्टच्या वर आहे ना हे पाहायचे, मग शेपटीतील लहान इंजिन सुरू करायचे आणि एकेक बसबार (वीज वाटणारा मुख्य वाहक) जिवंत होताना पडद्यावर पाहायचा, यात जे समजते ते आकृतीवरून समजत नाही. एका इंजिनाचे जनित्र बंद केले, तर दुसरे दोन्ही बाजूंचा भार उचलते. खऱ्या विमानात अशा वेळी खाद्यपदार्थ गरम करणाऱ्या गॅलीचा वीजपुरवठा आधी तोडला जातो. दोन्ही मुख्य जनित्रे गेली, तर पोटाखालून एक छोटा पंखा वाऱ्यात बाहेर येतो. तो ‘निळी’ असे नाव असलेल्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) प्रणालीला दाब पुरवतो आणि त्या दाबावर आपत्कालीन जनित्र फिरते. विजेपासून तेलाच्या दाबाकडे आणि पुन्हा विजेकडे जाणारी ही साखळी आपल्या हाताने तोडून पाहण्याची सोय या मॉडेलांमुळे विद्यार्थ्याला घरबसल्या मिळते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ती प्रयोगशाळेत अवश्य आणावी. त्यासाठी लागणारे परवाने मात्र रीतसर घ्यावेत.

परंतु यंत्रणा समजणे वेगळे आणि उड्डाण येणे वेगळे. विमान कंपन्यांच्या वैमानिकांचे प्रशिक्षण ज्या पूर्ण उड्डाण सिम्युलेटरवर होते, त्याची केबिन सहा दिशांनी हलते, त्याचे वर्तन विमान उत्पादकाच्या चाचण्यांतील आकड्यांशी ताडून पाहिलेले असते आणि त्याला नियामकाची मान्यता ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावी लागते. यांपैकी एकही गोष्ट त्या वर्गातील टेबलावर नव्हती. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचा उड्डाण अनुभव लागतो. तो बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांत मिळवता येतो आणि मान्यता नसलेल्या संगणकावरील एक मिनिटही त्यात धरले जात नाही. शिवाय असे सिम्युलेटर आणि विकत मिळणारी बहुतेक मॉडेले घरगुती, वैयक्तिक वापराच्या अटीवर दिली जातात. शुल्क घेऊन शिकवण्यासाठी वेगळा परवाना लागतो, हे अशा वर्गांनी विचारातही घेतलेले दिसत नाही.

तीस तासांचे साठ हजार रुपये होतात. ज्या कुटुंबाने मुलीच्या प्रशिक्षणासाठी कर्ज काढायचे ठरवले आहे, त्याचे साठ हजार रुपये विनामूल्य मॉडेलसमोर बसण्यात जावेत, याचे मला फार वाईट वाटते. त्या मॉडेलसाठी रात्री जागून काम करणाऱ्या स्वयंसेवकांविषयीही वाईट वाटते, कारण त्यांच्या श्रमाची किंमत तिसराच कोणी वसूल करतो आहे. एखाद्या संस्थेने ‘हे फक्त कॉकपिटची ओळख करून देण्यासाठी आहे, याचे तास नोंदले जाणार नाहीत’ असे स्पष्ट लिहून माफक शुल्क घेतले, तर माझी तक्रार राहणार नाही.

पालकांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: या यंत्राला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे काय, आणि येथील तास विद्यार्थ्याच्या लॉगबुकात (उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत) अधिकृतपणे नोंदले जातील काय. मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या शैक्षणिक पुरवणीत अशा वर्गांच्या जाहिराती येतात. ‘सिम्युलेटर प्रशिक्षण’ असे शब्द असलेली जाहिरात स्वीकारताना आपण यंत्राच्या मान्यतेचा तपशील मागून घ्यावा आणि तो जाहिरातीतच छापावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता, नाशिक