दोन्ही पॅक्लिटॅक्सेल एकच नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नॅनो-औषधांवर लेख आला होता. लेख बरा होता पण सोबतचं चित्र बघून हसू आलं, रक्तात पोहणारा रोबोट आणि हातात सुई! मी मिरजेत केमोची औषधं तयार करायचं काम करते, आणि असं काही छापून आलं की सोमवारी पेशंटचे दोनतीन नातेवाईक कात्रण घेऊन हजर, "मॅडम हे आपल्याकडे कधी येणार?" अहो, तुमच्या आईला मागच्या महिन्यात जे लावलं ते हेच होतं की.

त्याचं नाव नॅब-पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेत 2005 ला ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं, आता आपल्याकडे भारतीय कंपन्याही बनवतात. रोबोट वगैरे काही नाही, आपल्या रक्तात असतं तेच अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, त्याच्यासोबत पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध बांधून केलेले साधारण 130 नॅनोमीटरचे कण, म्हणजे केसाच्या जाडीत पाचसहाशे मावतील. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही ही मूळ अडचण. म्हणून साध्या इंजेक्शनात एरंडेलापासून बनवलेलं क्रेमोफोर आणि अल्कोहोल घालतात, आणि त्या क्रेमोफोरची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, शिवाय सलाईनचा वेगळा सेट आणि बहुतेक वेळा तीन तास सलाईन. नॅबला हे लागत नाही, अर्ध्या तासात काम होतं.

आता मुद्द्याचं. दोन्हीचा डोस वेगळा आहे. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांनी द्यायचं असेल तर साधं 175 मिलिग्रॅम आणि नॅब 260, दर चौरस मीटरला (शरीराचं क्षेत्रफळ, उंची-वजनावरून काढतात). गेल्या दिवाळीत दुसरीकडून आलेल्या एका पेशंटच्या कागदावर नुसतं "पॅक्लिटॅक्सेल" लिहिलेलं, डोस मात्र चारशेच्या वर, आणि मुलाने बाहेरच्या दुकानातून स्वस्त पडतं म्हणून साध्याचे बॉक्स आणलेले. दुकानदाराचं तरी काय चुकलं, कागदावर जे होतं तेच दिलं त्याने. डोस बघून मला शंका आली म्हणून डॉक्टरांना फोन केला, नाहीतर त्या बाईंना जवळजवळ दीडपट औषध गेलं असतं. "नॅनो म्हणजे तेच पण भारी" एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय त्यामुळे नावातला फरक कोणी बघतच नाही.

आणि भारी म्हणजे तरी किती? मंजुरीच्या आधी 454 पेशंटवर जी ट्रायल झाली तिच्यात गाठ नीट कमी झालेले नॅबचे 33 टक्के आणि साध्याचे 19 टक्के. चांगलंच आहे ना, पण हातापायाला जोरात मुंग्या-बधिरपणा येणारे नॅबमध्ये 10 टक्के होते, साध्यात 2. केस जायचे ते जातातच. हे लेखात कुठेच नव्हतं.

लेखातला कायटोसानचा भाग मात्र आवडला, कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून निघतं ते. जखमेचं रक्त थांबवायच्या पट्ट्यांमध्ये ते वापरतात, पण त्याच्या नॅनो-कणांतून औषध देण्याचं काम अजून बरंचसं लॅबमध्येच आहे, त्यामुळे "लवकरच गोळी" असं लिहिलं की लोक खरंच वाट बघत बसतात. (कायटोसान व्हेज की नॉनव्हेज हेही एका आजोबांनी मला विचारलंय. अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातलं म्हटल्यावर ते आजोबा गप्पच झाले.)

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी चित्र रोबोटचं टाकलंत तरी औषधाचं नाव पूर्ण छापा, आणि एक चौकट द्या की बॉक्सवर अल्ब्युमिन किंवा प्रोटीन-बाउंड लिहिलंय का ते बघा, कागदावरचं आणि बॉक्सवरचं जुळत नसेल तर आधी फार्मासिस्टला दाखवा. अजून एक, नॅबची पावडर असते, कुपीच्या भिंतीवरून हळूहळू 20 मिली सलाईन सोडायचं, फेस येऊ द्यायचा नाही, पाच मिनिटं तशीच ठेवायची मग अलगद फिरवायची, तेव्हा ते पातळ दुधासारखं होतं. ते बघून लोक घाबरतात, "सिस्टर, सलाईन फाटलंय!" ते फाटलेलं नसतं, ते तसंच दिसतं. नॅब सांगितलेलं असताना पिशवीत पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तर मात्र लगेच हाक मारा.

आपली,
एक फार्मासिस्ट, मिरज