उद्याचे संकट? आमचे कधीच येऊन गेले!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘तापमानवाढ : उद्याचे संकट’ हा लेख वाचला. लेखकमहाशय २०५० सालची चिंता वाहतात. वाहोत बापडे. पण होऊन गेले त्याचे काय? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिफेनबॉ आणि बर्क या दोघांनी २०१९ मध्येच त्याचा हिशेब मांडला होता. १९६१ ते २०१० या काळात पृथ्वी तापली नसती तर भारताचे दरडोई उत्पन्न किती असते? त्यांच्या अंदाजाने, ते त्याहून ३१ टक्क्यांनी कमी राहिले. नॉर्वेचे मात्र ३४ टक्क्यांनी जास्त भरले! थंड मुलखाला ऊब मानवली. वर समुद्रातले तेल विकून जगाला आणखी ऊब देतात ते वेगळेच. अंदाज आहे, मान्य. पण अख्ख्या लेखात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नसावा?

मी द्राक्षवाला. २०१९ च्या दिवाळीत पाऊस हटेना. बाग फुलोऱ्यात. ट्रॅक्टर चिखलात रुतला म्हणून पाठीवर पंप घेऊन फवारण्या केल्या, तरी डाऊनी या बुरशीरोगाने पाने गेली आणि घडांची गळकूज झाली. घड हातात धरला की मणी मातीत, हातात नुसता देठ. विमा होता. हप्ता वेळेवर कापला गेला होता, त्यात कसूर नाही. भरपाई मागायला गेलो तर उत्तर मिळाले, ‘तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तेवढ्या पावसाची नोंद नाही.’ केंद्र माझ्या बागेपासून नऊ किलोमीटरवर. म्हणजे माझ्या बांधावरचा पाऊस खोटा! अमेरिकेत बसलेल्यांना आमच्या पन्नास वर्षांचा तोटा मोजता येतो, इथे नऊ किलोमीटरवरचे ढग दिसत नाहीत.

त्या साली काढलेले सोसायटीचे कर्ज मी अजून नव्याजुन्यात फिरवतो आहे, जुने फेडायला नवे काढत. ते ‘उद्याच्या संकटा’त धरायचे की कसे, हे लेखकांना विचारून कळवावे.

आणि जाता जाता : दर डिसेंबरात ‘निफाडचा पारा घसरला’ म्हणून पहिल्या पानावर शेकोटीचा रंगीत फोटो छापता. गुलाबी थंडी म्हणे! त्या थंडीत पाणी उतरलेले, पिकू लागलेले द्राक्षमणी तडकतात. यंदा शेकोटीऐवजी त्यांचा फोटो छापा. हवा तर मी पाठवतो, मानधन नको.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक